पेट्रोल कटरचे इंजिन : बिघाड, कारणे आणि निगा

शेतावरील लाकूडकामात कुऱ्हाड व हातकरवत यांची जागा पुष्कळ ठिकाणी आता पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी-करवतीने, म्हणजेच गावोगावी ‘कटर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यंत्राने घेतली आहे. बांधावरील वेड्या बाभळीची तोड, जुन्या हापूस बागांचे पुनरुज्जीवन करताना करावयाची मोठ्या फांद्यांची छाटणी, वठलेल्या माडांची विल्हेवाट अशी अनेक कामे या यंत्राने थोड्या वेळात होतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील नारळ, सुपारी व आंब्याच्या बागा आडव्या केल्या आणि पुढील वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळाने कोकण किनाऱ्यास पुन्हा तडाखा दिला. अशा वेळी वाटेवर पडलेले झाड दूर करावयाचे असते, घरावर कललेली फांदी उतरवावयाची असते. नेमक्या त्याच दिवशी, कित्येक महिने कोपऱ्यात पडून राहिलेले कटर चालू होत नाही, असा अनुभव अनेकांस येतो.

यंत्र चालू झाले नाही की काही जण दमेपर्यंत दोरी ओढीत राहतात. काही जण हाती येईल तो स्क्रू फिरवितात. तर काही जण इंजिनच खोलावयास बसतात. या तिन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. इंजिन चालण्यासाठी चार गोष्टी लागतात : योग्य इंधन, स्वच्छ हवा, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरातील पुरेसा दाब. यांपैकी पहिल्या तिन्हींचे बहुतेक दोष इंजिन न खोलता, पाना, ब्रश व फडके एवढ्या सामग्रीवर शेतकऱ्यास स्वतः शोधता येतात. चौथ्या गोष्टीचा दोष मात्र खर्चाचा असतो, आणि तो बहुधा पहिल्या दोन गोष्टींकडे झालेल्या दुर्लक्षातूनच उद्भवतो.

इंजिनाची रचना

मोटारीच्या इंजिनात वंगणाचे तेल तळाशी निराळ्या जागी साठविलेले असते. कटरच्या इंजिनात तशी सोय नसते. हे इंजिन टू-स्ट्रोक जातीचे आहे. पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या पेटीत पेट्रोल व हवा यांचे मिश्रण ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण बाजूच्या वाटांनी सिलिंडरात चढते आणि जळालेला धूर सायलेन्सरकडे निघून जातो. बेअरिंगे, रिंगा व सिलिंडरची भिंत यांना जे वंगण मिळावयाचे, ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच मिळते. हे तेल नसेल तर दुसरा कोणताही आधार इंजिनास नाही.

या इंजिनाचा वेगही विलक्षण असतो. पूर्ण वेगात ते मिनिटास सुमारे १२ ते १४ हजार फेरे घेते, म्हणजे एका सेकंदात २०० हून अधिक. अशा वेगात वंगण थोडा वेळ जरी तुटले, तरी पिस्टन तापून फुगतो, सिलिंडरच्या भिंतीस घासतो आणि जाम होतो. कटरचा कार्ब्युरेटरही मोटारसायकलीच्या कार्ब्युरेटरहून निराळा असतो. त्यात तरंगणारा गोळा नसून पातळ पडदा असतो, आणि म्हणूनच यंत्र आडवे किंवा तिरपे धरले तरी इंजिन बंद पडत नाही. हा पडदा कडक झाला किंवा चिकटला की यंत्राचे सर्व तंत्र बिघडते.

मिश्रणाचे माप

पेट्रोल व तेल यांचे प्रमाण यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत दिलेले असते व तेच प्रमाण मानावे. पुष्कळ यंत्रांस ५० भाग पेट्रोल व १ भाग तेल असे प्रमाण सांगितलेले असते, म्हणजे १ लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल. साधे टू-स्ट्रोक तेल वापरावयाचे झाल्यास काही उत्पादक २५ भागांस १ भाग, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर तेल घालण्यास सांगतात. ५ लिटरच्या कॅनला पहिल्या प्रमाणाने १०० व दुसऱ्या प्रमाणाने २०० मिलिलिटर तेल लागते. तेल अंदाजाने ओतू नये. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे टोपण किंवा खुणा असलेली बाटली जवळ ठेवावी. तेल हवेने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी असलेलेच घ्यावे. मोटारसायकलीच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे तेल, होडीच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे तेल किंवा गाडीतून काढलेले काळे तेल कधीही घालू नये.

मिश्रण यंत्राच्या टाकीत न करता स्वतंत्र कॅनमध्ये करावे. प्रथम थोडे पेट्रोल, मग सर्व तेल, नंतर उरलेले पेट्रोल असा क्रम ठेवून कॅन चांगला हलवावा. टाकी भरण्यापूर्वी प्रत्येक वेळी तो पुन्हा हलवावा. कॅनवर मोठ्या अक्षरांत ‘तेल मिसळलेले’ असे लिहावे व मिश्रण केल्याची तारीख घालावी. घरात मोटारसायकलीसाठी निव्वळ पेट्रोलचा कॅनही असतो. घाईत दुसऱ्याच माणसाने तो उचलून कटरमध्ये ओतला, तर पहिली टाकी संपण्यापूर्वीच इंजिन जाम होते. म्हणून दोन्ही कॅन निरनिराळ्या रंगाचे व निरनिराळ्या जागी ठेवावेत.

इथेनॉलयुक्त पेट्रोलची काळजी

आज देशातील बहुतेक पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणातील दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमध्ये किंवा टाकीत हे अधिक घडते. पाण्याचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्याने तळाशी बसतात. टू-स्ट्रोकचे तेल पेट्रोलमध्ये विरघळते, या तळाच्या थरात नाही. टाकीतील नळीच्या टोकास जी गाळणी असते, तीही वजनाने तळाशीच पडलेली असते. परिणामी इंजिन सर्वप्रथम तेलविरहित थर ओढून घेते. मालकाने तेल मोजून घातलेले असूनही पिस्टन घासतो, त्याचे हे एक कारण आहे.

इथेनॉलमुळे जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व कार्ब्युरेटरचे पडदे फुगतात किंवा कडक होतात. तसेच त्यातील प्राणवायूमुळे मिश्रण किंचित विरळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते. आपल्या यंत्रास किती टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालते हे पुस्तिकेत पाहावे किंवा विक्रेत्यास विचारावे. तरी तीन नियम सर्वांसच लागू आहेत. एका महिन्यात संपेल एवढेच मिश्रण करावे. कॅन घट्ट झाकणाचा असावा व शक्यतो भरलेला ठेवावा. जुन्या मिश्रणाचा संशय आल्यास काचेच्या स्वच्छ बाटलीत थोडे ओतून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर किंवा गढूळपणा दिसला, तर ते मिश्रण कटरमध्ये मुळीच वापरू नये.

इंजिन सुरूच होत नाही

प्रथम यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे व साखळीचा ब्रेक लावावा. डाव्या हाताने पुढील मूठ दाबून धरावी, उजव्या पायाचा पंजा मागील मुठीत ठेवावा व मग दोरी ओढावी. थंड इंजिनास चोक लावून दोरी ओढताना एकदा ‘फट्’ असा आवाज येतो. तो आला की चोक काढून किंवा अर्ध्यावर आणून पुन्हा ओढावे. हा पहिला आवाज ध्यानात न घेता चोक तसाच ठेवून ओढीत राहिल्यास सिलिंडरात पेट्रोल साचते. यालाच ‘इंजिन ओव्हरफ्लो झाले’ असे म्हणतात. सुरू न होणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळांचा दोष एवढाच असतो.

त्यानंतर प्लग काढून पाहावा. प्लग पेट्रोलने ओला असेल, तर इंधन पोहोचत आहे, पण ते जळत नाही. अशा वेळी प्लग पुसून वाळवावा, स्विच बंद ठेवावा, चोक काढावा व प्लगच्या भोकावर फडके धरून पाच-सहा वेळा दोरी ओढावी, म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडेल. मग प्लग बसवून, चोक न लावता सुरू करावे.

तरीही उपयोग न झाल्यास ठिणगी पाहावी. सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे व कॅन दूर न्यावा. प्लग टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंखांस टेकवावा. मात्र तो प्लगच्या भोकापासून लांब असावा. टोपी रबरी भागावर धरावी, स्विच चालू करावा व दोरी ओढावी. स्वच्छ निळसर ठिणगी दिसली पाहिजे. न दिसल्यास आधी नवा प्लग लावून पाहावा. प्लगच्या टोकांतील अंतर बहुतेक कटरांत ०.५ मिलिमीटर असते. नव्या प्लगनेही ठिणगी पडत नसेल, तर टोपीतील तार सुटली आहे काय किंवा स्विचची वायर घासून धातूस लागली आहे काय, हे पाहावे. या दोन्ही गोष्टी ठीक असल्यास दोष कॉइलचा असू शकतो. ते काम फिटरकडे सोपवावे.

उलट, बराच वेळ दोरी ओढूनही प्लग कोरडाच राहिला, तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. टाकीतील मिश्रण, गाळणी, रबरी नळीची चीर आणि शेवटी कार्ब्युरेटरची जाळी व पडदा या क्रमाने तपासावे.

प्लगचा रंग पुष्कळ सांगतो

काही वेळ काम केलेल्या यंत्राचा प्लग फिकट तपकिरी असला, तर इंजिनाचे ज्वलन योग्य आहे. काळा व तेलकट प्लग म्हणजे हवा कमी किंवा तेल जास्त. बहुधा एअर फिल्टर चोंदलेला असतो. पांढुरका, भाजल्यासारखा प्लग ही धोक्याची खूण होय. मिश्रण विरळ असून इंजिन फार तापत आहे, असा त्याचा अर्थ. असा प्लग दिसताच कारण सापडेपर्यंत काम थांबवावे.

चालू होऊन बंद पडते

काही मिनिटे नीट चालून यंत्र बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण किंचित सैल करावे. हवा आत जाण्याचा ‘फुस्’ असा आवाज आला व इंजिन पुन्हा चालू झाले, तर टाकीची हवा घेण्याची वाट बंद झाली आहे. पेट्रोल कमी होईल तशी हवा आत गेली नाही, म्हणजे टाकीत पोकळी होऊन इंधन पुढे सरकत नाही. ही वाट भुशाने चोंदते. ती स्वच्छ करावी किंवा तेथील तुकडा बदलावा. टाकीतील गाळणी मळली तरीही असेच होते. ती तारेच्या आकड्याने टाकीच्या तोंडाशी ओढून काढता येते. वर्षातून एकदा, आणि काम रोजचे असल्यास त्याहूनही आधी, ती बदलावी.

जोर कमी पडतो

इंजिनास दोष देण्यापूर्वी साखळी पाहावी. धार असलेली साखळी लाकडाचे जाड कण फेकते; बोथट साखळी पिठासारखा बारीक भुसा पाडते आणि चालविणाऱ्यास यंत्र दाबावे लागते. अशा दाबाने इंजिन अकारण तापते. साखळीला योग्य मापाच्या गोल कानशीने धार लावून पुन्हा पाहावे.

धार ठीक असूनही जोर नसेल, तर एअर फिल्टर काढावा. काढण्यापूर्वी चोक बंद करावा व सभोवतालचा भुसा झटकावा, म्हणजे घाण कार्ब्युरेटरात पडणार नाही. धुता येण्याजोगी जाळी कोमट साबणाच्या पाण्यात धुवावी आणि पूर्ण वाळल्यावर बसवावी. फाटली असल्यास बदलावी. फिल्टर काढून ठेवून काम करणे म्हणजे सिलिंडरात वाळू ओतणे होय. त्यानंतर सायलेन्सरची जाळी व सिलिंडरचे धूर बाहेर पडण्याचे भोक काजळीने बुजले नाही ना, हे पाहावे. सिलिंडरच्या पंखांत बसलेला भुसा ब्रशने काढावा. हे पंखच इंजिनाचे रेडिएटर आहेत.

हात सोडला तरी इंजिन पळते

ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन वेगाने फिरत राहते, यंत्र तिरपे केले की आवाज बदलतो, संथ वेग स्थिर राहत नाही, अशी लक्षणे दिसल्यास कोठून तरी जादा हवा आत शिरत आहे. कार्ब्युरेटर व सिलिंडर यांमधील रबरी जोड फाटला असेल किंवा क्रँकशाफ्टचे सील गेले असेल. हवा वाढली की मिश्रण विरळ होते व त्याबरोबर तेलही कमी पोहोचते. या बिघाडात यंत्र काही काळ अधिक जोरात चालल्यासारखे वाटते, म्हणून चालविणारा फसतो. स्क्रू फिरवून हा दोष झाकू नये. यंत्र ताबडतोब बंद करून फिटरकडे न्यावे.

कार्ब्युरेटरवर सामान्यतः तीन स्क्रू असतात. एक संथ वेगाच्या इंधनाचा, दुसरा पूर्ण वेगाच्या इंधनाचा व तिसरा केवळ संथ वेग कमी-जास्त करण्याचा. काही नव्या यंत्रांत हे काम विजेच्या यंत्रणेने आपोआप होते. शेतकऱ्याने फक्त तिसरा स्क्रू वापरावा. इंजिन संथ चालत असताना साखळी पूर्ण थांबलेली असावी. ती फिरत असल्यास या स्क्रूने वेग कमी करावा. पूर्ण वेगाचा स्क्रू ‘जोर वाढावा’ म्हणून आवळणे फार घातक आहे. तो आवळल्याने इंधन कमी होते, आवाज चढतो आणि पिस्टन जळतो.

सिलिंडरचा दाब

इंधन, हवा व ठिणगी ठीक असूनही यंत्र चालत नसेल, तरच दाबाकडे वळावे. स्विच बंद करून, पट्टीवर आवरण चढवून, यंत्र जमिनीपासून थोडेसे वर दोरीच्या मुठीला टांगून धरावे. दाब चांगला असल्यास ते थांबत थांबत, हिसक्यांनी खाली उतरते. दाब गेला असल्यास सरळ खाली येते. दाब कमी करणारी कळ किंवा सुलभ स्टार्टरची स्प्रिंग असलेल्या यंत्रात ही परीक्षा विश्वसनीय नाही.

इंजिन थंड असताना सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन पाहता येतो. त्याची बाजू गुळगुळीत असावी. उभे ओरखडे दिसले, तर पिस्टन घासला आहे. केवळ धुराच्या बाजूस ओरखडे असल्यास विरळ मिश्रण किंवा अतितापाचा, चहूबाजूंस असल्यास तेल नसण्याचा, आणि कार्ब्युरेटरच्या बाजूस असल्यास धूळ आत गेल्याचा संशय घ्यावा. कारण न शोधता नुसता पिस्टन बदलला, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जातो.

निगेचे वेळापत्रक

दररोज : काम संपल्यावर यंत्र पुसावे, एअर फिल्टर झटकावा, साखळीची धार, ताण व ब्रेक पाहावा. साखळीच्या टाकीत साखळीचेच तेल भरावे. जळके तेल घालू नये, ते वंगणास निकृष्ट व त्वचेस अपायकारक असते.

दर आठवड्यास : फिल्टर धुवावा, पंखांतील व स्टार्टरच्या जाळीतील भुसा काढावा, स्टार्टरची दोरी तपासावी.

दर महिन्यास : प्लग काढून रंग व अंतर पाहावे, सुमारे १०० तासांच्या कामानंतर तो बदलावा. टाकी आतून स्वच्छ करावी.

दर वर्षी : इंधनाची गाळणी बदलावी. रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचा पडदा व सायलेन्सर फिटरकडून तपासून घ्यावेत.

दोन-तीन महिने यंत्र वापरावयाचे नसल्यास टाकी रिकामी करावी व इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत संथ चालवावे, म्हणजे कार्ब्युरेटरात मिश्रण उरून पडदा चिकटणार नाही. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून सिलिंडरात टू-स्ट्रोक तेलाचे काही थेंब सोडावेत, दोरी हळूहळू दोन-तीनदा ओढावी व प्लग परत बसवावा. यंत्र कोरड्या जागी, खते व क्षार यांपासून दूर ठेवावे.

सुरक्षितता

तपासणीच्या वेळी इंजिन बंद असावे व प्लगची टोपी काढलेली असावी. गरम यंत्रात पेट्रोल भरू नये. भरल्यावर निदान ३ मीटर दूर जाऊन ते सुरू करावे. बंद खोलीत इंजिन चालवू नये, कारण त्याचा धूर विषारी असतो. शिरस्त्राण, चष्मा, कानांवरील आवरण, हातमोजे, साखळी अडविणारी पाटलोण व मजबूत बूट यांशिवाय काम करू नये. यंत्र खांद्याच्या वर उचलून किंवा झाडावर चढून एका हाताने कापणे जिवावर बेतणारे आहे. तसेच महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतील आंबा, फणस, साग यांसारखी झाडे तोडण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी गावातील सर्व कटर एके दिवशी एकत्र आणवून त्यांची तपासणी करवावी. त्या वेळी मिश्रण मोजून करणे, प्लग पाहणे व फिल्टर धुणे ही तीन कामे यंत्र चालविणाऱ्या प्रत्येकाकडून प्रत्यक्ष करून घ्यावीत, कारण यंत्र मालकाचे असले तरी ते बहुधा दुसऱ्याच्या हातात असते. प्रत्येक यंत्राची एक लहान वही ठेवून तीत मिश्रणाची तारीख, कामाचे तास व बदललेले भाग यांची नोंद करावी. वादळाच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे दुकान उघडे असेलच असे नाही. म्हणून एक जादा प्लग, एक इंधनाची गाळणी, स्टार्टरची दोरी व तेलाची सीलबंद बाटली एवढ्या वस्तू यंत्राबरोबर नेहमी ठेवाव्यात.